मध नंबर एक

घर घेताना झोपायच्या खोलीची खिडकी पूर्वेला आहे याचं दलालाने इतकं कौतुक केलं, की आपण खिडकीच विकत घेतोय आणि घर वर मिळतंय असं मला वाटलं होतं. "सकाळी कोवळं ऊन, दुपारी सावली," तो म्हणाला होता. कोवळं ऊन अजून येतं. सावली मात्र समोरची पाच मजली काचेची कचेरी उभी राहीपर्यंतच होती. आता दुपारी एक वाजला की सूर्य आमच्या इमारतीच्या डोक्यावरून मागे जातो, त्या कचेरीच्या काचांवर आपटतो आणि उलटून थेट आमच्या पलंगावर येतो. पूर्वेच्या खिडकीतून पश्चिमेचं ऊन घेणारं कुटुंब जगात आमचं एकट्याचंच असावं.

एरवी हे मी चार लोकांत गमतीने सांगितलं असतं. पण बायकोला महिनाभराची रात्रपाळी लागली होती. ती नर्स आहे, नवजात बाळांच्या वॉर्डात, बावीस वर्षं. सकाळी साडेआठला घरी यायचं आणि दिवसा झोपायचं असा हिशेब. ऊन तो हिशेब रोज पुसून टाकायचं. दहाव्या दिवशी तिने चहात मीठ घातलं. बाराव्या दिवशी माझा चहा पिऊन झाल्यावर मला खांद्याशी घेतलं आणि मी ढेकर देईपर्यंत पाठ थोपटली. मला ते आवडलं नाही असं नाही, पण गोष्ट काळजीची होती.

पंधराव्या दिवशी ती आली आणि चपला न काढता तशीच बसली. मेट्रनबाईंनी तिला खुर्चीत डोळे मिटलेलं पाहिलं होतं. अर्धा मिनिट. मेट्रनबाई ओरडल्या नाहीत. "पुन्हा दिसलात तर दुसऱ्या दिवसापासून चादरींच्या कोठारात," एवढंच म्हणाल्या. कोठारात काम सोपं असतं, चादरी घ्यायच्या, चादरी द्यायच्या.

"चादरी रडत नाहीत हो," बायको म्हणाली, आणि स्वतःच रडायला लागली.

पडदे का लावले नाहीत, असं तुम्ही विचारणार. सगळेच विचारतात. लावले होते. जाड पडद्यांनी खोली इतकी अंधारी झाली की ती दर वीस मिनिटांनी दचकून उठायची. वॉर्डात अंधार म्हणजे वीज गेली, आणि वीज गेली म्हणजे काचेच्या पेट्यांतली बाळं! उठून ती अंधारात पेट्या शोधायची आणि तिच्या हाताला माझं डोकं लागायचं. तिला उजेड हवा होता, पण निवलेला. शेवटी मी रजा टाकून आठ दिवस दुपारी खिडकीत उशी आडवी धरून उभा राहत होतो. हात दुखले की उशी खाली यायची, ऊन तिच्या तोंडावर यायचं, ती डोळे न उघडता म्हणायची, "उशी."

काचेला लावायच्या फिल्मचं दुकान मला बाजाराच्या मागच्या गल्लीत सापडलं. दुकानदार फार हळू बोलणारा गृहस्थ होता. मी मापं सांगायला लागलो तर त्याने हातानेच थांबवलं.

"आधी सांगा, कोण झोपणार आहे?"

आठ दिवसांत मला हा प्रश्न कोणी विचारला नव्हता. मी त्याला वॉर्ड, मेट्रनबाई, चादरी, सगळं सांगितलं. त्याने भिंतीवरचा नमुन्यांचा जुडगा काढला. त्यात धुकं होतं, राख होती, दूध होतं आणि मध होता, आणि प्रत्येकाचे चार-चार नंबर.

"केसाहून पातळ असते," तो म्हणाला. "पण उन्हाची धार काढून घेते, काच फुटलीच तर तुकडे धरून ठेवते, आणि घराला शोभा येते ती वेगळीच. तुम्ही मध नंबर एक न्या. हातात धरलीत तर कोरं पाणी. ऊन आल्याशिवाय तिचा रंग दिसायचा नाही."

तो तुकडा डोळ्यांपुढे धरून मी रस्त्याकडे पाहिलं. बाहेर भर दुपार होती. चौकात शिट्टी फुंकून घामाघूम झालेला पोलीस मला एकदम प्रेमळ वाटायला लागला. एक ट्रक वळत होता, तो घाई नसल्यासारखा वळला. समोरच्या गच्चीवर कोणाचा तरी पांढरा शर्ट वाळत होता, त्याची बाही हळूच वर जायची आणि खाली यायची. मला उगीचच माझ्या शाळेतला बाक आठवला आणि त्यावर डोकं टेकून ऐकलेला भूगोलाचा तास. मी किती वेळ तसा उभा होतो कोण जाणे. दुकानदाराने खांद्याला हात लावला तेव्हा माझ्यामागे दोन गिऱ्हाइकं ताटकळली होती.

"लावायला माझा माणूस पाठवतो," तो म्हणाला, आणि का कोणास ठाऊक, माझ्या हातांकडे पाहिलं.

त्या पाहण्याने घात केला. मी वजनमापे खात्यात पंचवीस वर्षं नोकरी करतो. लोकांच्या फूटपट्ट्या खऱ्या की खोट्या हे मी ठरवतो. "मी स्वतः लावीन," मी म्हणालो. त्याने गुंडाळीबरोबर सूचनांचा कागद दिला, आणि तो कागद देताना त्याच्या चेहऱ्यावर जे होतं त्याला मी तेव्हा आदर समजलो.

घरी जाऊन खिडकी चार वेळा मोजली. चार वेगवेगळी मापं आली. मी त्यांतलं पहिलं घेतलं, कारण ते घेताना मी जास्त आत्मविश्वासात होतो.

इथवर सगळं सुरळीत होतं. पण जिन्यात इमारतीच्या समितीचे सचिव भेटले आणि त्यांची नजर माझ्या काखेतल्या गुंडाळीवर गेली. सचिव निवृत्त झाल्यापासून नियमावली सोबत घेऊन फिरतात. माणूस वाईट नाही, पण त्यांच्याशी बोलताना आपण एखाद्या पोटकलमात राहतो असं वाटायला लागतं.

"बाह्य स्वरूपात बदल," ते म्हणाले.

"साहेब, ती केसाहून पातळ आहे. बाहेरून कळणारही नाही."

"कळत नाही तर लावता कशाला? आणि कळतं तर परवानगी नको?"

अर्ज तीन प्रतींत. सोबत फिल्मचा दहा बाय दहाचा नमुना. आणि ज्यांना ज्यांना माझी खिडकी दिसते त्यांची हरकत नसल्याचं पत्र.

"माझी खिडकी समोरच्या कचेरीला दिसते! तिथे दोनशे माणसं आहेत."

"प्रत्येक मजल्यावरच्या एकाची सही चालेल," सचिव म्हणाले. "शेवटी नियम माणसांसाठी आहेत."

तेव्हा मी इस्त्रीचा शर्ट घालून समोरच्या कचेरीत गेलो. पहिल्या दोन मजल्यांवर माझ्याकडे कोणी वर न पाहताच सही केली. तिसऱ्या मजल्यावर खिडकीजवळच्या टेबलावर चष्म्याच्या एक बाई बसल्या होत्या. त्यांनी अर्ज वाचला, मग माझ्याकडे पाहिलं, मग खिडकीतून पलीकडे पाहिलं आणि एवढ्या मोठ्याने ओरडल्या की टंकलेखन थांबलं.

"अगंबाई, उशीवाले!"

क्षणात सगळा मजला माझ्याभोवती जमला. हे लोक आठ दिवस मला बघत होते. जेवणाच्या सुट्टीत डबे घेऊन खिडकीशी बसायचे म्हणे. उशी कशासाठी यावर दोन तट पडले होते. एका तटाचं म्हणणं हा दंडांचा व्यायाम आहे, दुसऱ्याचं म्हणणं बायकोने शिक्षा केली आहे. एकाने तर मी हात बदलतो कधी याची वेळ लिहून ठेवली होती. पंचवीस वर्षांच्या सरकारी नोकरीत माझ्या कामाची इतकी बारकाईने नोंद कोणी ठेवली नव्हती.

मी शक्य तेवढ्या ताठ मानेने खरं कारण सांगितलं. चष्म्याच्या बाई हळूच म्हणाल्या, "आमच्या काचेमुळे कोणाची झोप जाते हे आम्हाला कधी कुणी सांगितलंच नाही हो." त्यांनी सही केली आणि वरच्या दोन मजल्यांच्या सह्या स्वतः जाऊन आणून दिल्या. निघताना मात्र एकाने विचारलं, "मग आता उद्यापासून तुम्ही दिसणार नाही?" त्याच्या आवाजातली खंत खरी होती.

परवानगी मिळाली ती 'झोपायच्या खोलीची खिडकी, तावदाने तीन' एवढ्यापुरतीच, आणि दुसऱ्या दिवशी दुपारी तीन वाजता समिती पाहणी करणार या अटीवर. तोवर शुक्रवार उजाडला होता. बायकोच्या डोळ्यांखाली आता काळं नव्हतं, निळं होतं. संध्याकाळी सहाला ती ड्युटीवर जायला निघाली तेव्हा दारात थांबून म्हणाली, "आजची रात्र कशीतरी काढते. उद्या नाही जमलं तर मीच मेट्रनबाईंना सांगते, मला कोठारात टाका म्हणून. एखादं बाळ माझ्या हातून..." तिला पायऱ्या उतरताना कठडा धरावा लागला.

मी बाह्या सरसावल्या.

माझ्या शेजारी एक गृहस्थ राहतात. त्यांना सगळी इमारत सर्वज्ञ म्हणते. त्यांच्या तोंडावरही म्हणते, आणि ते मान हलवतात. मी बादलीत साबणाचं पाणी कालवत होतो तेवढ्यात ते आत आले.

"साबण नको, शॅम्पू," ते म्हणाले. "काच आणि केस, दोन्ही एकाच जातीचे."

खालच्या मजल्यावरच्या मावशी वर आल्या. त्या म्हणाल्या, शॅम्पूने डाग पडतात, भांड्यांचाच साबण हवा. वादात वेळ नको म्हणून मी तिन्ही घातले. फेस इतका झाला की बादली दिसेना. मी काच धुवायला घेतली, मावशी खाली गेल्या आणि दोनच मिनिटांत खालून त्यांचा आवाज आला, "अहो, माझ्या वाळलेल्या कपड्यांना अंघोळ का घालताय?" सूचनांचा कागद मी नीट दिसावा म्हणून बादलीच्या काठावर ठेवला होता. तो एव्हाना बादलीत होता. वर काढला तेव्हा त्यावर फक्त 'सावधान' एवढा शब्द वाचता येत होता.

फिल्म तीन तुकड्यांत कापली. प्रत्येक तुकड्याला मागून तसाच एक पातळ कागद चिकटलेला असतो, प्लास्टिकचा, पारदर्शक. कोपऱ्याला चिकटपट्टी लावून दोन्ही अलग करायचे. ते जमायला आम्हाला पाऊण तास लागला. पण जमलं, आणि खोलीतल्या त्या कातरवेळच्या उजेडात माझ्या एका हातात एक गुळगुळीत पातळ कागद होता आणि सर्वज्ञांच्या हातात दुसरा तसाच, फक्त चिकट. दोन्ही कोऱ्या पाण्यासारखे.

"चिकट बाजू काचेला लावायची असणार," मी म्हणालो.

सर्वज्ञ हसले. मला त्या हसण्याचा आजही राग येतो.

"माल कधी चिकट असतो का? चिकट असतं ते पॅकिंग. तुम्ही नवा शर्ट आणता, त्याला चिकटपट्टी असते. तुम्ही पट्टी काढून शर्ट घालता, की शर्ट टाकून पट्टी घालता?"

मी शर्टाच्या बाजूने कौल दिला.

गुळगुळीत कागद ओल्या काचेवर असा बसला की काय सांगू. सरकवाल तिकडे सरकत होता. रबरी पट्टीने पाणी काढलं तर एक सुरकुती नाही, एक बुडबुडा नाही. दुकानदाराचा माणूस असता तर त्याने माझे पाय धरले असते. तिन्ही तावदानं झाली आणि मी दोन पावलं मागे जाऊन पाहिलं. काच आहे की नाही हेही कळत नव्हतं.

राहता राहिलं पॅकिंग. त्या तीन चिकट कागदांनी आम्हाला जी वागणूक दिली ती मी शत्रूलाही देणार नाही. एक माझ्या कोपराला बसला, तो सोडवायला गेलो तर दुसरा गळ्यात आला. आम्ही दोघे एकमेकांना सोडवत सोडवत, दारं-भिंती चुकवत स्वयंपाकघरात पोचलो, कारण तिथे पाणी होतं. ओट्यामागच्या खिडकीची दोन तावदानं मी मघाशी हात धुताना फेसाने माखली होती. मी वैतागून हात काचेवर आपटला. कागद हात सोडून काचेला बसला. दुसराही तसाच बसवला. वाकडे, चुण्या पडलेले, बुडबुड्यांनी भरलेले. "राहू द्या, उद्या काढू," सर्वज्ञ म्हणाले आणि विजयी मुद्रेने घरी गेले. तिसरा कागद त्यांच्या पाठीला होता. मी सांगणार होतो, पण सर्वज्ञांना आजवर कोणी काही सांगितलेलं नाही.

सकाळी आभाळ भरलेलं होतं. ती आली, खिडकीकडे बघून म्हणाली, "लावलीत?" मी म्हणालो, "लावली." तिने काचेवरून एक बोट फिरवलं. "छान बसली आहे," ती म्हणाली, आणि पलंगावर आडवी झाली. मी दार ओढून घेतलं. इतक्या दिवसांनी तिने माझ्या एखाद्या कामाला छान म्हटलं होतं, आणि मला भर जिन्यात गाणं म्हणावंसं वाटलं.

अर्धा दिवस ऑफिसला गेलो. एव्हाना आभाळ मोकळं झालं होतं. दोन वाजता परतताना मुद्दाम वाट वाकडी करून त्या दुकानात शिरलो. खोटं कशाला बोलू, मिरवायला.

"एकही बुडबुडा नाही," मी सांगितलं.

दुकानदाराने हातातली कात्री खाली ठेवली. "एकही नाही?"

"एकही."

"पहिल्यांदा लावणाऱ्याला बुडबुडे येतातच," तो हळू आवाजात म्हणाला. "चिकट बाजूच काचेला लावलीत ना तुम्ही?"

दुकानातला उजेड एकदम फार पांढरा वाटायला लागला. मी शर्टाचं उदाहरण द्यायला तोंड उघडलं आणि मिटलं. तो बिचारा हसला नाही. "मागचा कागद लावलात म्हणजे," तो म्हणाला. "पाणी आहे तोवर धरेल. काच तापली, पाणी उडालं, की पडेल." मी घड्याळात पाहिलं. दोन वाजून दहा मिनिटं. काच तापून तास झाला होता.

मी धावलो. माझ्या वयाचा माणूस भर रस्त्यात धावतो तेव्हा लोक बाजूला होतात, हे एक बरं असतं. डोळ्यांपुढे सारखं एकच येत होतं: ती चादरींच्या ढिगामध्ये बसली आहे आणि कोणी रडत नाही. जिन्यात सचिव, सर्वज्ञ आणि मावशी माझ्याआधी वर चढत होते. पाहणी! सचिव वेळेआधीच निघाले होते. सर्वज्ञांच्या अंगात कालचाच शर्ट होता आणि पाठीवर कागद तसाच होता.

झोपायच्या खोलीचं दार उघडलं. खिडकीतून ऊन नुसतं कोसळत होतं. तिन्ही कागद गळून पलंगावर पडले होते, एक थेट उशीवर. बायको नव्हती.

"बदल आढळत नाही," सचिव तावदानं पाहून म्हणाले.

गेली. मेट्रनबाईंकडे गेली, कोठार मागायला. मी दाराशी धावलो. तिच्या चपला जागेवर होत्या. पर्स खुंटीला होती. मग मावशींनी मला दंडाला धरलं आणि तोंडावर बोट ठेवून स्वयंपाकघराकडे खूण केली.

ती जमिनीवर बसली होती, पाठ कपाटाला टेकून, पाय लांब करून. बहुतेक पाणी प्यायला आली असावी, भरलेला पेला शेजारी होता. आणि ती झोपली होती. डुलकी नव्हे, झोप. तोंड थोडं उघडं, हात मांडीवर सैल पडलेले. ओट्यामागच्या त्या दोन तावदानांतून समोरच्या कचेरीचं सगळं ऊन आत येत होतं आणि आत आल्यावर ते ऊन राहत नव्हतं. सगळ्या खोलीभर मध पसरला होता. भिंती, डबे, नळाचा थेंब, सगळं त्याच रंगाचं. आम्ही काढायला विसरलेल्या बुडबुड्यांचे गोल गोल कवडसे तिच्या गालावर, कपाळावर, साडीवर पडले होते आणि सूर्य सरकेल तसे अगदी सावकाश सरकत होते. ती एवढी लहान दिसत होती की मला तिच्याशी लग्न होण्याच्याही आधीची ती आठवली, जी मी पाहिलेलीच नाही.

मला इतका आनंद झाला की मी दाराच्या चौकटीला धरून उभा राहिलो.

"ही खिडकी परवानगीत नाही," सचिव माझ्या कानात कुजबुजले.

"साहेब, झोपली आहे."

"ते दिसतंय मला. पण परवानगी झोपायच्या खोलीची आहे."

"मग आता हीच झोपायची खोली," मावशी कुजबुजल्या. सचिवांनी नियमावली उघडली. झोपायची खोली म्हणजे जिथे पलंग आहे ती, की जिथे झोप आहे ती, याचा खुलासा त्यांना आतल्या पानांत सापडेना. "चोवीस तासांत काढण्याची नोटीस मला द्यावीच लागेल," ते म्हणाले, पण आवाज करू नये म्हणून खुर्ची न ओढता दारापाशी जमिनीवरच मांडी घालून बसले आणि गुडघ्यावर कागद ठेवून लिहायला लागले. मावशी त्यांच्या शेजारी टेकल्या. त्या कपड्यांची तक्रार घेऊन आल्या होत्या, पण ती कुजबुजत करण्यासारखी नव्हती.

"याचं शास्त्र असं आहे," सर्वज्ञ भिंतीला टेकून हळू आवाजात सांगू लागले, "की प्रकाशाचे जे काही कण असतात, ते एकदा का या थरातून... म्हणजे थर काय करतो, तर..." थर काय करतो ते त्यांनी सांगितलं नाही. त्यांची मान छातीवर आली होती. ते गप्प झाल्यावर नळाचा थेंब ऐकू यायला लागला. मी सचिवांकडे पाहिलं. त्यांचं पेन चालत होतं, पण फार हळू. 'स्वयंपाकघराच्या खिडकीवर विनापरवाना आढळलेला थर चोवीस' इथपर्यंत अक्षर सरळ होतं. तिथून ती ओळ कागदाच्या खालच्या कोपऱ्याकडे घसरत गेली होती आणि सचिवही तिच्या मागोमाग मावशींच्या खांद्यावर. मावशींना ते कळलं नाही. त्या कधीच्या झोपल्या होत्या.

पुढचं आधीच सांगून टाकतो, कारण लोक मला मधेच तेच विचारतात. त्या रात्री बायकोने वॉर्डात पापणीला पापणी लावली नाही. मेट्रनबाई तीनदा फेरी मारून गेल्या आणि तिसऱ्यांदा तिच्यासाठी चहा पाठवला. चादरींचं कोठार दुसऱ्या कोणाच्या तरी नशिबी गेलं. सचिवांनी आमच्या कागदावर 'पाहणी अपूर्ण' असा शेरा मारला, आणि पाहणी अपूर्ण असेपर्यंत नोटीस देता येत नाही असं एक कलम निघालं. ती पूर्ण करायला ते दर शनिवारी तीन वाजता येतात. सोबत स्वतःची उशी आणतात.

पण त्या दुपारचं सांगत होतो. मी जागा राहायचं ठरवलं होतं. कोणीतरी राहायलाच हवं होतं. तिच्यापासून दोन हातांवर जमिनीवर बसलो आणि तिच्या कपाळावरचा कवडसा भुवईपर्यंत येतो कधी, ते बघत राहिलो. तो आला असावा. मला आठवत नाही.

डोळे किलकिले झाले तेव्हा खोलीतला मध गडद झाला होता. ती उठून उभी होती. केस बांधून झाले होते, अंगावर ड्युटीचे कपडे होते आणि चेहरा धुतल्यासारखा ताजा होता. दारापासून ओट्यापर्यंत पसरलेल्या आम्हा चौघांकडे ती बघत होती. तिने विचारलं नाही की हे काय, कशाला, कोणी बोलावलं. तिने ओठ हलवत आम्हाला मोजलं. मग वाकून सचिवांच्या मुठीतून पेन काढून घेतलं, टोचू नये म्हणून. मावशींचा चष्मा उतरवून ओट्यावर ठेवला. सर्वज्ञांची मान कलली होती ती सरळ केली आणि पाठीमागे हात घालून तो चिकट कागद अलगद, कणभरही आवाज न करता, सोडवून घेतला.

शेवटी ती माझ्याजवळ आली. मी घाईघाईने डोळे मिटले. पण बावीस वर्षं ती हेच काम करते, कोण झोपलंय आणि कोण सोंग करतंय हे तिला लांबून कळतं. तिचा गार हात माझ्या कपाळावर आला.

"झोपा," ती म्हणाली. "मी आहे जागी."